पंचगंगा : वरचे पाणी, खालचे पाणी

कोल्हापूर शहराच्या वायव्येला चिखली गावाजवळ प्रयाग संगम आहे. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या चार नद्यांचे पाणी तिथे एक होते. पाचवी सरस्वती गुप्त आहे अशी श्रद्धा असल्याने पुढच्या प्रवाहाला पंचगंगा हे नाव मिळाले. कोल्हापूर, रुकडी, रुई, इचलकरंजी, शिरढोण, तेरवाड, कुरुंदवाड असा सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास करून ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. एवढ्या आखूड नदीवर एक मोठे शहर, एक वस्त्रनगरी, अनेक साखर कारखाने, दूरवर पसरलेले उसाचे मळे आणि शेकडो लहानमोठे उद्योग उभे आहेत. या संपन्नतेने नदीचे काय केले, हा गेल्या अर्ध्या शतकातला कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत चिवट सार्वजनिक वाद आहे. त्याला 'पर्यावरण विरुद्ध विकास' असे नाव देण्याची रीत आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात मात्र तो प्रथमपासून वरच्या गावाचा आणि खालच्या गावाचा वाद आहे, आणि त्याचा इतिहास तसाच वाचला पाहिजे.

नदीकाठची वस्ती फार जुनी आहे. पंचगंगेच्या तीरावरील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन नगराचे अवशेष सापडले. त्याच टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची साक्ष देते. दोन हजार वर्षांपूर्वीही या काठावर पैसा येत होता. त्या व्यापाराने नदीकडून पाणी घेतले, पण तिला फारसे काही परत दिले नाही. नदीत पडे ते घाटावरचे निर्माल्य, जनावरांच्या अंगचा चिखल आणि पावसाळ्यात शेतांतून वाहून आलेली माती.

ऊस आणि गूळ आल्यावरही बराच काळ हेच चित्र राहिले. गुऱ्हाळातला कचरा शेतातच जिरत असे. चरकातून निघालेले चिपाड वाळवून चुलवाणात जाळले जाई, काहिलीवर आलेली मळी बाजूला काढली जाई, राख पुन्हा रानात पडे. गुळव्या, जळव्या आणि चरकावरची माणसे एवढ्या मनुष्यबळावर चालणारा हा धंदा शेतकऱ्याच्या बांधावरच सुरू होऊन तिथेच संपत होता. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेमुळे या गुळाला मोठा बाजार मिळाला आणि कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले. नदीवर त्याचा भार पडला नाही, कारण तेव्हाचा ऊसच मर्यादित होता. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होई आणि बारमाही पिकाला तेवढे पाणी पुरत नसे.

ही मर्यादा हटवण्याचे काम संस्थानाने हाती घेतले. १९०२ मध्ये पाटबंधाऱ्यांचे धोरण ठरले. १९०६ मध्ये कोल्हापुरात शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल निघाली आणि त्याच सुमारास भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधण्याचा निर्णय झाला. एका लहान संस्थानाने स्वतःच्या खर्चाने एवढे धरण बांधायला घेणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. पैशाअभावी काम मध्येच थांबले. १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले. पुढे राजाराम महाराजांनी काम पुन्हा चालू केले आणि स्वातंत्र्यानंतर ते पुरे झाले. ८ टीएमसीहून थोडी अधिक क्षमता असलेल्या या धरणाने भोगावतीचे, आणि तिच्यामागून पंचगंगेचे, स्वरूपच पालटले. पावसाळी नदी बारमाही झाली. दुष्काळाने होरपळलेल्या रयतेसाठी याहून मोठे काम झाले नसते. त्या निर्णयाची थोरवी आजच्या प्रदूषणाने तसूभरही कमी होत नाही. मात्र पुढच्या सगळ्या घडामोडींचा उगम त्या पाण्यात आहे, हेही इतिहासात नोंदवावेच लागते.

धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातच अडवण्यासाठी जी रचना वापरली गेली तिला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' असे नाव पडले आणि ती महाराष्ट्रभर गेली. पात्रात आडवे दगडी खांब, खांबांना खाचा, आणि पावसाळा संपला की त्या खाचांत बसवायचे बरगे. पावसाळ्यापूर्वी बरगे काढले की पूर मोकळा वाहून जातो. पाटासाठी जमीन घ्यावी लागत नाही, नदी हाच पाट होतो. काठावरच्या शेतकऱ्याने मोटर बसवली किंवा गावाने सहकारी पाणीपुरवठा संस्था काढली की माळावरसुद्धा ऊस उभा राहतो. ते पाणी उचलण्यासाठी लागणारी ऑईल इंजिने कोल्हापूरच्याच उद्यमनगरातल्या कारागिरांनी बनवली. शहरातला ओतकाम धंदा वाढला तो शेतीच्या या गरजेवर. शेती, पाणी आणि यंत्र यांची इतकी घट्ट वीण महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

मग साखर आली. कसबा बावड्याला खासगी साखर कारखाना संस्थानकाळातच निघाला होता. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांचे युग सुरू झाले आणि त्यांनी नावे घेतली ती नद्यांची : पंचगंगा, भोगावती, कुंभी-कासारी, दूधगंगा-वेदगंगा, वारणा. रत्नाप्पा कुंभार आणि तात्यासाहेब कोरे यांच्यासारख्या स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या माणसांनी ते उभारले. कर्जात बुडालेला कुणबी कारखान्याचा सभासद झाला, मुलाला शिकवू लागला, कौलारू घराच्या जागी स्लॅबचे घर बांधू लागला. साखर उताऱ्यात कोल्हापूर विभाग राज्यात आघाडीवर राहिला. ही समृद्धी खरी होती आणि ती मूठभरांची नव्हती. नदीसाठी भांडणाऱ्यांना पुढे जे कठीण गेले ते यामुळे : समोर परका भांडवलदार नव्हता, गावाचाच कारखाना होता.

नदीवर दुसरी बाजू उभी राहिली इचलकरंजीत. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग चालवला. शतक संपेपर्यंत मागांची संख्या लाखाच्या पुढे गेली आणि गावाला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणू लागले. नुसते विणकाम नदीला घाण करत नाही. सुताला खळ लावणारे सायझिंग आणि कापड धुऊन, विरंजन करून, रंगवून देणारी प्रोसेस हाऊस यांना मुबलक पाणी लागते, आणि तेवढेच पाणी क्षार, रंग आणि रसायने घेऊन बाहेर पडते. माग घराघरांत होते तेव्हा हा प्रश्न लहान होता. कापडाची सगळी प्रक्रिया गावातच होऊ लागली तशी ओढ्यांतून नदीकडे जाणाऱ्या पाण्याचा रंग बदलला.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला, म्हणजे राज्य त्याच्या पाच वर्षे पुढे होते. स्टॉकहोमची जागतिक पर्यावरण परिषदसुद्धा १९७२ ची. कायद्याची उणीव महाराष्ट्राला कधीच नव्हती. त्याच वर्षांत सहकारी कारखाने, औद्योगिक वसाहती आणि शहरे झपाट्याने वाढत होती आणि वाढ थांबवणारा कोणताही शब्द लोकांना नकोसा होता.

नदी बिघडते कशी, हे समजून घेतल्याशिवाय वादातले दावे कळत नाहीत. साखर कारखान्याचे मळीमिश्रित पाणी किंवा शहराचा मैला यात सेंद्रिय द्रव्य भरपूर असते. ते कुजवणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. हा वापर मोजण्याच्या मापाला जैविक ऑक्सिजन मागणी म्हणतात. आंघोळीच्या योग्य पाण्यात ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. वाहत्या नदीत हवेतला ऑक्सिजन सतत मिसळत राहतो, म्हणून ती काही भार पचवते. पंचगंगा हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वाहत नाही, बंधाऱ्यांमागे तुंबून राहते. गळीत हंगामही नेमका याच महिन्यांतला. एका बंधाऱ्यामागे साचलेले काळे पाणी बरगे काढताच एकदम पुढच्या टप्प्यात शिरते आणि तिथले मासे ऑक्सिजनअभावी तडफडून मरतात. पहिल्या वळवाच्या पावसात नाले धुऊन निघतात तेव्हाही हेच घडते. उरलेल्या काळात केंदाळ माजते. तेरवाड आणि शिरढोणच्या बंधाऱ्यांवर मेलेल्या माशांचा खच ही म्हणूनच वारंवार येणारी बातमी आहे. ज्या रचनेने नदी बारमाही केली, तिनेच ती साचवली.

मासे मेले की वाद पेटतो. शिरोळ तालुक्यातले लोक मेलेले मासे आणि काळ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन कार्यालयांवर जातात, अधिकाऱ्यांना बंधाऱ्यावर आणून पंचनामा करायला लावतात. मंडळ नमुने घेते, नोटिसा काढते, कधी उद्योग बंद करण्याचा आणि वीज तोडण्याचा आदेश देते. मग दुसरी बाजू उभी राहते. प्रोसेस बंद तर माग बंद, माग बंद तर कामगाराचा आठवड्याचा पगार बंद. कारखाना बंद तर ऊस रानात उभा. लोकप्रतिनिधी मध्ये पडतात, बँक हमी घेतली जाते, यंत्रे पुन्हा फिरू लागतात. कारखाने शहराच्या मैल्याकडे बोट दाखवतात, महापालिका निधी नसल्याचे सांगते, शहरे म्हणतात की नदीकाठच्या गावांचे गटारही नदीतच जाते. यातले प्रत्येक म्हणणे अर्धे खरे आहे. अर्ध्या सत्यांच्या या साखळीमुळेच जबाबदारी कोणाच्याच दारात थांबली नाही. नदीवर जाळे टाकून जगणाऱ्या भोई कुटुंबांचा रोजगार मात्र कोणत्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर आला नाही.

या वादाची सर्वांत महत्त्वाची खूण अशी की त्यातले पक्ष एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. जयसिंगपूरला दरवर्षी ऊस परिषद भरवून कारखान्यांकडे दर मागणारी स्वाभिमानी शेतकरी संघटना पंचगंगेच्या प्रदूषणाविरुद्धही रस्त्यावर उतरत आली आहे. तिच्या मागे उभा असलेला शेतकरी त्याच कारखान्याचा सभासद आहे आणि त्याच नदीचे पाणी पिणारा आहे. अति पाण्याने आणि रासायनिक खतांनी त्याची स्वतःची जमीनही बिघडली. शिरोळ तालुक्यातले मोठे क्षेत्र क्षारपड झाले आणि शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याला शेतकऱ्यांच्या साथीने जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून क्षार बाहेर काढण्याची मोहीम घ्यावी लागली. वाढ थांबवा, असे या शेतकऱ्याने कधीच म्हटले नाही. वाढीचा खर्च वरच्याने करून त्याचे बिल खालच्याकडे पाठवू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे, आणि ते रास्त आहे.

इचलकरंजीची जागा याहून अवघड. ती कोल्हापूरच्या खाली आणि शिरोळच्या वर आहे. कोल्हापूरच्या जयंती आणि दुधाळी नाल्यांनी नदीत आणलेला मैला तिच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोचतो, आणि तिचे स्वतःचे रंगीत पाणी शिरोळकडे जाते. एकाच वेळी ती सोसणारीही आहे आणि लादणारीही. २०१२ च्या उन्हाळ्यात शहरात काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींचे प्राण गेले. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळणे हे त्यामागचे कारण होते. तोवर वाद मासे, वास आणि रंग यांच्याभोवती फिरत होता. त्या साथीनंतर तो माणसांच्या जिवाचा झाला.

उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. न्यायालयाने नागपूरच्या 'नीरी' संस्थेला नदीचा अभ्यास करायला सांगितले आणि उपायांवर देखरेखीची व्यवस्था केली. त्या दबावाखाली काही कामे खरोखर झाली. कोल्हापुरात कसबा बावडा येथे दररोज ७ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र सुरू झाले, नंतर दुधाळीचे झाले. इचलकरंजीत प्रोसेस हाऊसच्या पाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. घरगुती पातळीवर मूर्तिदान आणि निर्माल्यदानाची चळवळ कोल्हापूरकरांनी मनापासून स्वीकारली, ती इतर शहरांनीही उचलली. असे असूनही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी सर्वाधिक ५३ महाराष्ट्रात होते आणि पंचगंगा त्यांत होती.

नदीकाठी काय उभारावे, हाही याच वादाचा भाग. राज्याने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले होते. नदीपासून ठरावीक अंतरात प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव, असे त्याचे स्वरूप होते. उद्योगवाढीला अडथळा होतो म्हणून २०१५ मध्ये ते रद्द झाले. पूररेषेचे भवितव्यही निराळे नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीने ती कितीतरी मागे टाकली. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे लक्ष वेधले. सार्वजनिक चर्चेत मात्र अलमट्टी धरणाचे नाव मोठ्याने घेतले गेले. कर्नाटकाला दोष देणे सोपे होते, आपल्या नाल्यावरच्या इमारतीबद्दल बोलणे अवघड.

वाद नदीच्या उगमापर्यंतही पोचला आहे. राधानगरीजवळचे दाजीपूर गव्यांसाठी १९५८ मध्ये राखले गेले, १९८५ मध्ये ते क्षेत्र वाढून ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. याच डोंगरांच्या सड्यांवर बॉक्साइट आहे. पश्चिम घाटाच्या संवर्धनाविषयीचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये आला, तेव्हा शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत अस्वस्थता पसरली. घर दुरुस्त करता येणार नाही, रस्ता होणार नाही, अशी भीती गावागावांत सांगितली गेली. ग्रामसभांचे मत घेऊन पुढे जावे, हा गाडगीळ समितीच्या अहवालाचा गाभा होता. तो लोकांपर्यंत नीट पोचवला गेला नाही, हा या प्रकरणातला खरा अन्याय. संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघत राहिली. जुलै २०२४ मध्ये ती सहाव्यांदा निघाली.

दरम्यान दोन्ही शहरांनी आपापल्या पाण्याचा मार्ग बदलला. कोल्हापूरने काळम्मावाडी धरणातून सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाईपलाईन टाकली आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आले. पंचगंगेच्या काठावर वसलेल्या शहराने नदीच्या लांबीच्या दोनतृतीयांश लांबीचा नळ टाकून दुसऱ्या नदीचे पाणी आणले. ज्या नदीचे पाणी आपण पीत नाही, तिच्या शुद्धतेबद्दल शहराची आस्था किती टिकेल, ही खालच्या गावांची काळजी म्हणूनच समजण्यासारखी आहे. इचलकरंजीने पंचगंगेच्या भरीला मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणले. तेही अपुरे पडले, तेव्हा वारणेतून पाणी आणण्याची योजना झाली. दानोळीच्या शेतकऱ्यांनी तिला जोरदार विरोध केला आणि ती बारगळली. त्यानंतर दूधगंगेवरच्या सुळकूडची योजना मंजूर झाली. इचलकरंजीच्या बाया घागरी घेऊन मोर्चात उतरल्या, तर कागल तालुका आणि दूधगंगाकाठची गावे त्या योजनेविरुद्ध एक झाली.

सुळकूडच्या विरोधातली मुख्य मागणी एका ओळीची आहे : आधी आपली पंचगंगा शुद्ध करा. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेले मासे हातात घेऊन शिरोळचे लोक वर्षानुवर्षे हीच मागणी करत आले आहेत.